आमचा दहा नंबर

फुटबॉलच्या चाहत्याला आवडता खेळाडू विचारला, की आज बहुतेक वेळा मेस्सी नाहीतर रोनाल्डो हेच उत्तर मिळतं. त्यालाच तुमच्या क्लबमधला आवडता कोण, असं विचारून बघा. माणूस जरा थांबतो. मग जे नाव घेतो ते शेजारच्या जिल्ह्यातही फारसं कुणाला माहीत नसतं. नाव घेऊन तो गप्पही बसत नाही. सामना कुणाशी होता, चेंडू कुठल्या बाजूच्या जाळ्यात गेला, गॅलरीत आपल्या शेजारी कोण बसलं होतं, सगळं सांगतो. पुढच्या पानांत आहेत त्या या दुसऱ्या प्रश्नातून निघालेल्या आठवणी. लिहिणारे पुण्याचे, मुंबईचे, कोल्हापूरचे आणि गोव्याचे आहेत. त्यांतला कुणी क्रीडापत्रकार नाही. सगळे तिकीट काढून सामना बघणारे.

अशा संग्रहाची प्रस्तावना आंबेगाव तालुक्यातल्या लोणीत लिहिली जावी याचं काहींना नवल वाटेल. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात फुटबॉलचा नावाजलेला क्लब नाही. इथे कबड्डी आहे, यात्रेतल्या कुस्त्या आहेत आणि सगळ्यांवर ताण करणारा बैलगाडा आहे. पण आवडत्याची आठवण कशी जपतात हे बघायला बैलगाडा शर्यतीच्या घाटाइतकी चांगली जागा मला ठाऊक नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी शर्यतींवर बंदी घातली, ती डिसेंबर २०२१ मध्ये उठली. मधली साडेसात वर्षं घाट ओस पडले होते. बैलांची एक अख्खी पिढी न धावता म्हातारी झाली. तरी कुठल्या यात्रेत कुणाचा गाडा किती सेकंदांत आला, पुढे कोण जुंपला होता, घोडी कुणाची होती, हे पारावर बसलेली माणसं घडाघडा सांगत होती. या नोंदी कुठल्या कचेरीत नव्हत्या. लोकांनी त्या एकमेकांना सांगून जिवंत ठेवल्या, म्हणून बंदी उठली तेव्हा नव्या बैलांना मोजायला जुनी नावं हाताशी होती.

आपल्याकडच्या फुटबॉल क्लबांच्या खेळाडूंना असाच सांगणारा माणूस लागतो. कारण भारतातल्या क्लब फुटबॉलचं दफ्तर अगदी विरळ आहे. मुंबईतला रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला आणि शंभर वर्षांहून जास्त चालला. त्याच्या विजेत्यांची यादी मिळते. पण अंतिम सामन्यात गोल होण्याआधी चेंडू कुणी काढून दिला, शेवटच्या दहा मिनिटांत पायाला गोळा आला तरी कोण खेळत राहिला, हे यादीत नसतं. राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली, २००७ मध्ये तिची आय-लीग झाली, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग आली. प्रत्येक बदलात आधीचं काहीतरी अडगळीत गेलं. क्लब बंद पडला की त्याची कार्यालयातली कागदपत्रं, छायाचित्रं, चषक कुठे जातात, याचा माग कुणी ठेवत नाही. मग ज्याने सामना डोळ्यांनी पाहिला त्याच्याकडेच जावं लागतं. म्हणून या आठवणींकडे मी हळव्या गप्पा म्हणून बघत नाही. त्या दस्तऐवज आहेत, आणि दस्तऐवज वाचावा तशाच त्या वाचाव्यात, असा माझा आग्रह आहे.

आमच्या जिल्ह्यापासूनच सुरुवात करू. पुण्याला २००७ मध्ये पुणे एफसी हा क्लब मिळाला. आमच्याकडून बालेवाडीच्या मैदानावर जायचं तर मंचर, राजगुरुनगर, चाकण करत नाशिक रस्त्याने खाली उतरावं लागतं, आणि संध्याकाळचा सामना संपल्यावर परतीच्या एसटीचा भरवसा नसतो. तरी जिल्ह्याचा संघ देशाच्या वरच्या लीगमध्ये खेळतो आहे ही गोष्टच मोठी होती. आय-लीगमधल्या आपल्या पहिल्याच हंगामात, २००९-१० मध्ये, डेरिक परेरांच्या हाताखाली या संघाने तिसरा क्रमांक मिळवला. २०१२-१३ मध्ये चर्चिल ब्रदर्सच्या मागोमाग तो दुसरा आला. विजेतेपद कधी मिळालं नाही. आणि २०१५ मध्ये क्लबच बंद झाला.

त्या आठ वर्षांतलं पुणेकरांच्या तोंडी सगळ्यात जास्त येणारं नाव अराता इझुमी. जन्म आणि वाढ जपानमधली. वडील गुजराती, आई जपानी. २००६ मध्ये तो भारतात आला, आधी कोलकात्यात ईस्ट बंगालकडून खेळला, मग मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून, आणि तिथून पुण्यात आला. भारताकडून खेळायचं तर जपानचं नागरिकत्व सोडावं लागणार होतं, कारण आपला कायदा दोन देशांचं नागरिकत्व मानत नाही. २०१२ मध्ये त्याने ते सोडलं आणि २०१३ मध्ये भारताचा शर्ट अंगावर चढवला. मधल्या फळीत चेंडू पायात घेऊन मान वर ठेवून खेळणारा हा माणूस पुण्याच्या प्रेक्षकांना आपला वाटला, तो मात्र या कागदोपत्री निर्णयाच्या कितीतरी आधी. पुण्याबद्दलच्या आठवणी वाचताना हे सारखं जाणवतं. कोण कुठून आला याची चौकशी गॅलरी पहिले दोन-तीन सामने करते. त्यानंतर तो किती धावतो एवढंच बघते.

गोलरक्षक सुब्रत पॉलही पुणे एफसीचा होता. २०११ च्या आशियाई चषकात भारत तिन्ही सामने हरला, तरी दक्षिण कोरियासमोर त्याने ज्या तडफेने चेंडू अडवले ते बघून परदेशी पत्रकारांनीही त्याला स्पायडरमॅन म्हटलं. साऱ्या देशाला तो त्या एका सामन्यातून कळला. बालेवाडीच्या गॅलरीत बसणाऱ्यांना तो आधीच माहीत होता. क्लबच्या चाहत्याला मिळणारा हा खास आनंद आहे : जगाला कळायच्या आधी आपण पाहिलेलं असतं.

पुणे एफसी गेल्यावरची गोष्ट आणखी दुखरी आहे. डीएसके शिवाजीयन्स दोन हंगाम आय-लीगमध्ये राहून २०१७ मध्ये बाहेर पडला. इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी २०१४ पासून होता. पहिल्याच वर्षी फ्रान्सचा विश्वविजेता डेव्हिड त्रेझगे त्यांच्याकडून खेळला. पण लोकांच्या जिव्हाळ्याची जोडी ठरली ती २०१७-१८ ची, ब्राझीलचा मार्सेलिन्हो आणि उरुग्वेचा एमिलियानो अल्फारो. त्या वर्षी संघ उपांत्य फेरीत पोहोचला आणि बेंगळुरूत सुनील छेत्रीच्या तीन गोलांनी गारद झाला. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, क्लब संपला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. म्हणजे २०१५ ते २०१९ या काळात एकाच शहराने वरच्या पातळीवरचे हे तीन क्लब गमावले. १९९८ नंतर जन्मलेल्या पुणेकर मुलाने शाळा-कॉलेजच्या वयात तीन वेगळ्या संघांसाठी घसा बसवला आणि पंचविशीला पोहोचेपर्यंत त्याच्याकडे कपाटातल्या शर्टांशिवाय काही उरलं नाही. इंग्लंडमध्ये विम्बल्डनचा क्लब मालकांनी दुसऱ्या गावी न्यायचं ठरवलं, तेव्हा २००२ मध्ये चाहत्यांनी स्वतः नवा क्लब उभा केला, अगदी खालच्या पायरीपासून वर आणला आणि २०२० मध्ये आपल्या जुन्या वस्तीत, प्लाऊ लेनला, परत नेला. आपल्याकडे चाहत्यांपाशी तेवढा पैसाही नव्हता आणि तशी वाटही नव्हती. आठवण लिहून ठेवणं मात्र त्यांच्या हातात होतं. ते त्यांनी इथे केलं आहे.

मुंबईच्या महिंद्राबद्दल या संग्रहात भरपूर मजकूर आहे, म्हणून मी थोडक्यात आवरतो. १९६२ साली कंपनीचा संघ म्हणून सुरू झालेल्या या क्लबने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, तेव्हाही प्रशिक्षक डेरिक परेराच होते, आणि २०१० मध्ये संघ बंद करण्यात आला. घानाचा युसिफ याकुबू हे तिथलं लाडकं नाव. मधल्या फळीत खेळलेला खालिद जमील पुढे ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१६-१७ ची आय-लीग जिंकून देणारा प्रशिक्षक झाला आणि २०२५ मध्ये भारताच्या संघाचा. मुंबईच्या कूपरेज मैदानावर त्याला खेळताना पाहिलेल्या माणसांनी त्या दोन्ही बातम्या घरच्या कार्याच्या बातमीसारख्या ऐकल्या असणार.

गोव्याचा भाग या पुस्तकाचा गाभा आहे असं मला वाटतं. तिथे क्लबवरची निष्ठा घराण्यातून येते. एका घरात साळगावकर, दुसऱ्या घरात धेंपो, तिसऱ्यात चर्चिल किंवा वास्को, आणि लग्नं या भिंती ओलांडून होतात, तेव्हा रविवारच्या जेवणात वाद ठरलेले. जुन्या पिढीला विचारलं तर ब्रह्मानंद शंखवाळकर हे नाव पहिलं येतं. ताळगावचा हा गोलरक्षक भारताचा कर्णधार झाला, १९९७ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. पण क्लबच्या चाहत्याला त्याचं मोठेपण त्याने कारकिर्दीची इतकी वर्षं साळगावकरच्या गोलपोस्टखाली काढली यात दिसतं. साळगावकरने १९८८ मध्ये फेडरेशन चषक गोव्यात आणला आणि पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. कोलकात्याचे बडे क्लब हरवता येतात हा विश्वास गोव्याला त्या दिवसांत आला. त्यानंतरच्या पिढीला ब्रुनो कुतिन्हो आठवतो, साळगावकरने जिंकलेल्या १९९८-९९ च्या राष्ट्रीय लीगसह.

आणि मग धेंपोचा दहा नंबर. ब्राझीलचा क्रिस्टियानो ज्युनियर. आदल्या हंगामात ईस्ट बंगालकडून लीगमध्ये सर्वाधिक गोल करून तो २००४ मध्ये धेंपोत आला. ५ डिसेंबर २००४ रोजी बेंगळुरूच्या कंठीरवा मैदानावर फेडरेशन चषकाचा अंतिम सामना होता, समोर मोहन बागान. पहिला गोल त्याचा. दुसराही त्याचाच, आणि तो मारताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन तो खाली कोसळला. मैदानावर धड वैद्यकीय व्यवस्था नव्हती. त्याला वाचवता आलं नाही. धेंपोने चषक जिंकला २-० असा, आणि त्या दोन गोलांचा धनी त्या रात्री हयात नव्हता. क्लबने दहा नंबरचा शर्ट पुन्हा कुणाला दिला नाही. त्याच हंगामात धेंपोने पहिल्यांदा राष्ट्रीय लीग जिंकली.

क्रिस्टियानो धेंपोकडून काही महिनेच खेळला. तरी वीस वर्षांनंतर या क्लबच्या चाहत्याशी बोलताना त्याचा विषय टळत नाही. मला यातली दुःखाची बाजू समजते, पण तेवढ्यावर ही आठवण टिकली असती असं वाटत नाही. ती टिकली कारण संघातल्या बाकीच्यांनी पुढची सात-आठ वर्षं त्या शर्टाचा मान राखला. आर्मांदो कुलासोंच्या हाताखाली धेंपोने २००४-०५, २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी पाच वेळा देशाची लीग जिंकली. समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही गोव्याच्या मातीतली मुलं त्या संघाचा कणा होती. पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स, ज्याने २०११-१२ च्या एका हंगामात बत्तीस गोल केले, आणि त्याला चेंडू पुरवणारा ब्राझीलचा बेटो. फातोर्ड्याच्या गॅलरीत बसलेल्यांना ही नावं एका दमात येतात, जणू एकाच घरातली भावंडं. २०१६ मध्ये लीगच्या नव्या रचनेत आपल्याला जागा नाही हे पाहून धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी आय-लीगमधून माघार घेतली. धेंपो २०२४ मध्ये परतला. मधली आठ वर्षं घराघरांतून ही नावं घेतली जात होती, हे या पुस्तकातल्या गोव्याच्या लेखकांनी फार बारकाईने नोंदवलं आहे.

कोल्हापूरची तऱ्हा या सगळ्यांहून वेगळी. तिथे क्लबमागे कंपनी नाही, पेठ आहे. कुस्तीला राजाश्रय देणाऱ्या शाहू महाराजांच्या या नगरीत पेठेपेठेत तालमी आहेत, आणि फुटबॉलचे संघ आजही तालमींचीच नावं लावून उतरतात : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, जुना बुधवार. सोबत शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, फुलेवाडी. हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरतात. तिथे ज्याला ईर्षा म्हणतात ती बघायची तर दोन पेठांमधला सामना टायब्रेकरपर्यंत जावा लागतो. या ईर्षेने काही वेळा हाणामारीचं टोक गाठलं आहे, सामने बंदोबस्तात खेळवावे लागले आहेत, आणि ज्याला या खेळाची चाड आहे अशा कुणाही कोल्हापूरकराला ते आवडत नाही. पण संघ बुडत नाहीत. मालकाने हात काढून घेतला म्हणून पेठ बंद पडत नसते.

म्हणूनच तिथला आवडता खेळाडू रोज भेटतो. तो सकाळी दुधाच्या कट्ट्यावर असतो, त्याचा मुलगा आपल्या मुलाच्या वर्गात असतो. त्याने वीस वर्षांपूर्वी मारलेली फ्री किक त्याच्या देखत सांगितली जाते आणि सांगताना दर वर्षी ती दोन पावलं लांबून मारलेली ठरते. एखाद्याने पेठ सोडून दुसऱ्या तालमीकडून खेळायचं ठरवलं, तर ती गोष्ट घरातल्या माणसाने वेगळी चूल मांडल्यासारखी मनाला लागते. अलीकडे नायजेरियासारख्या देशांतले खेळाडूही या संघांतून खेळतात. विश्वचषकाच्या दिवसांत मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे उंच फलक याच पेठांत लागतात. आणि दोन गल्ल्या पलीकडे तालमीच्या जुन्या गोलीला येणारे-जाणारे वाकून नमस्कार करतात. मला यात विसंगती दिसत नाही. फुटबॉलचं वेड एकच आहे. एका टोकाला टीव्ही आहे, दुसऱ्या टोकाला शेजारी.

या मातीतून बाहेर गेलेल्यांचाही पेठेला अभिमान आहे. निखिल कदम मोहन बागानपर्यंत पोहोचला. अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. फिफाच्या कुठल्याही विश्वचषकात भारताचा फुटबॉल संघ उतरण्याची ती पहिली वेळ. दिल्लीतले ते तीन सामने आपण अमेरिका, कोलंबिया आणि घानाकडून हरलो. पण कोल्हापुरात त्या रात्री बघितलेल्या सामन्यांमध्ये निकालाइतकंच लक्ष आपला पोरगा मैदानात किती वेळ राहतो याकडे होतं.

या साऱ्या आठवणी एकत्र वाचल्यावर एक गोष्ट ठळक दिसते. सगळ्यात जास्त गोल करणारा लोकांचा लाडका असतोच असं नाही. लोकांना आठवतो तो राहिलेला. दुसरीकडून जास्त पैशाचं बोलावणं आलं असताना न गेलेला, संघ खालच्या गटात घसरला तरी शर्ट न उतरवलेला. आठवतो तो गोलरक्षक, कारण त्याची चूक सगळ्यांना दिसते आणि तिचं ओझं तो एकटा वाहतो. आठवतो तो परका, जो आपला झाला. आणि आठवतो तो बदली खेळाडू, ज्याने आयुष्यात एकच गोल केला, पण तो शेजारच्या संघाविरुद्ध, शेवटच्या मिनिटाला. आकडेवारीच्या पुस्तकात या शेवटच्या माणसाला जागा नसते. इथे त्याच्यावर पानंच्या पानं आहेत.

एक उणीवही सांगितली पाहिजे. महिला खेळाडूंच्या आठवणी इथे फार थोड्या आहेत. त्या खेळल्या नाहीत असं नव्हे. गोव्यात आणि कोल्हापुरात मुली कित्येक वर्षं खेळत आल्या आहेत. आम्ही प्रेक्षक त्यांच्या सामन्यांना गेलो नाही, म्हणून आमच्यापाशी सांगायला काही नाही. पुढच्या आवृत्तीत हे भरून काढायचं तर आधी मैदानावर जाऊन बसावं लागेल.

संपादनाच्या वेळी एक अडचण वारंवार आली. एकाच सामन्याच्या दोन आठवणी जुळत नव्हत्या. एकाच्या मते गोल डोक्याने झाला, दुसऱ्याच्या मते डाव्या पायाने. छापील निकाल जिथे मिळाला तिथे तारीख आणि गोलसंख्या तपासून दुरुस्त केली आहे, त्यात कुणाचीही भीड ठेवलेली नाही. पण गोल कसा झाला याची नोंद कुठेच नसेल, तिथे दोन्ही आठवणी जशाच्या तशा ठेवल्या आहेत. त्या सामन्याला हजर असलेला आणखी कुणी वाचक असेल, तर त्याने आपलं सांगणं आम्हाला लिहून पाठवावं. सामन्याचं वर्ष, मैदान, समोरचा संघ आणि खेळाडूचं पूर्ण नाव तेवढं न विसरता लिहावं.